सकाळचा बॅकअप

समीक्षानं तुळसाबाईचं नाव टाइप केलं, पण पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही. माउसचा बाण जागीच अडकला. डिस्कचा लाल दिवा मात्र विझायचं नाव घेत नव्हता.

सरकारी कापूस खरेदी केंद्राच्या खिडकीबाहेर गाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत गेली होती. कॉम्प्युटरमधून पावती निघाल्याशिवाय काट्यावर माप होत नव्हतं. नेरकडून आलेली तुळसाबाई कालपासून ताटकळत होती. रांगेतले लोक समीक्षाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. फाटकाबाहेर खाजगी व्यापाऱ्याचा ट्रक उभा होता. कंटाळलेला माणूस तिकडे वळायचा आणि पडेल त्या भावात कापूस टाकून जायचा.

हंगाम सुरू झाल्यापासून हेच चाललं होतं. समीक्षानं व्हायरस शोधला, नको त्या फायली काढल्या, मेमरी वाढवून घेतली. दुपारनंतर मशीन हरणासारखी पळायची. सकाळी पुन्हा पाय ओढायची. केंद्रप्रमुख पंजाबराव रोज सगळ्यांदेखत तिलाच झापत.

आज तिनं दातओठ खात टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर रिकामा बसला होता. डिस्कला मात्र क्षणाची उसंत नव्हती. मागच्या सगळ्या हंगामांची माहिती पुन्हा पुन्हा कॉपी होत होती. बॅकअप. आणि तो रोज सकाळसाठी लावला होता पंजाबरावांच्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवरून.

रोग सापडला म्हणून ती धावतच केबिनमध्ये गेली. बॅकअप आणि पावत्या एकाच डिस्कला ओढतात, बॅकअप संध्याकाळी लावला तर दुपारपर्यंत रांग मोकळी होईल, असं तिनं एका दमात सांगितलं.

पंजाबराव बशीत चहा ओतत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"संध्याकाळी लावून काय फायदा? तवा गाड्या कुठी असतात?"

समीक्षाला आधी उमगलंच नाही. मग तिला फाटकाबाहेरचा ट्रक आठवला. तिनं जागेवर येऊन बॅकअप बंद केला. खिडकीतून पाहते तर तुळसाबाई बैल वळवत होती, ट्रकाच्या दिशेनं. समीक्षा बाहेर धावली आणि तिनं कासराच धरला.

"मावशी, थांबा," ती साऱ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मशीन कधीच बिघडली नोयती. तुमी कटाळून त्या ट्रकाकडे जावं, म्हणून सायेबच तिले रोज सकाळी अडकवून ठेवत होते."