बावीसची अक्षरं

नियम पुन्हा हरला. तिने अक्षरांचा आकार चौदा लिहिला, फाइल सेव्ह केली, पान उघडलं. अक्षरं होती तशीच, बावीसची. तिच्या ओळीवर स्क्रीनने आडवी रेघ मारून ठेवलेली.

नोकरीला लागून तिला तीनच आठवडे झाले होते. डोळ्यांच्या दवाखान्याची वेबसाइट, त्यातलं पेशंटना तारखा दाखवणारं पान. तिच्या वरिष्ठ मॅडमना तिथे जाहिरात बसवायची होती. जागा व्हावी म्हणून अक्षरं लहान करायची, बस्स. पाच मिनिटांच्या या कामाने सकाळपासून तिच्या नाकी नऊ आणले होते.

पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये दोन नियम भांडले की ज्याच्या सिलेक्टरचं, म्हणजे नियमाच्या डोक्यावरच्या नावाचं, वजन जास्त त्याचं चालतं; वजन सारखं असेल तर नंतरच्याचं, हे तिला तोंडपाठ होतं. जुन्या नियमात क्लासचं नाव एकदाच होतं. तिच्याही नियमात एकदाच, शिवाय तो नंतरचा. मग घोडं अडलं कुठे? वजन वाढावं म्हणून तिने नाव दोनदा लिहून पाहिलं. ढिम्म. बिल्ड होऊन, म्हणजे साइट तयार होऊन, आलेली फाइल उघडली, तर जुन्या नियमात तेच नाव पाच वेळा! हे लिहिलं कुणी? शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला, "मीही डोकं आपटलं होतं तिथे. नाद सोड."

तिने सोडला नाही. दुपारी बिल्डच्या सेटिंगमध्ये तिला एक छोटं प्लगइन, वरून जोडलेला इवलासा प्रोग्राम, सापडलं. साइट तयार होताना ते गुपचूप या एकाच नियमाचं वजन वाढवत होतं. ते लिहिणारा प्रोग्रामर केव्हाच नोकरी सोडून गेला होता. तिने नंबर मिळवून फोन लावला.

"दादा, ते प्लगइन चुकून राहिलंय ना? काढून टाकू?"



"मुद्दाम बसवलंय," तो म्हणाला. "त्या पानावरची अक्षरं एकदा लहान केली होती. एका आजोबांनी ऑपरेशनची तारीख अकराच्या जागी एकोणीस वाचली. आठ दिवस उशिरा आले. तोवर डोळा गेला होता."

"कुणी केली होती लहान?"

"मी."

फोन ठेवेपर्यंत मॅडम टेबलाशी येऊन उभ्या होत्या. "अगं, एवढंसं काम! जमत नाहीये का तुला?"

"आता जमतंय, मॅडम," ती म्हणाली. "पण मी करणार नाही."