प्रत्येक गोलाला जिलबी

"हा विजेचा खांब कसले गोल मारतोय? मारलेच, तर प्रत्येक गोलाला अख्ख्या गल्लीला जिलबी," असं आमच्या ह्यांनी ऑगस्टमध्ये तालमीच्या कट्ट्यावर जाहीर केलं. त्यांच्या लाडक्या इंग्लिश क्लबने नुकताच साडेसहा फुटांचा नवा स्ट्रायकर घेतला होता. हे स्वतः कधीकाळी पेठेच्या संघातून सेंटर फॉरवर्ड खेळलेले. कोल्हापुरात एवढ्या भांडवलावर माणूस कुणालाही नावं ठेवू शकतो.

खांबाने सात सामन्यांत अकरा गोल मारले. क्लब पहिल्या नंबरावर जाऊन बसला आणि गल्लीतल्या बायकांनी शनिवारी घरी गोड करणंच सोडून दिलं. प्रत्येक गोलाला हे "नुसतं नशीब आहे" असं पुटपुटायचे आणि सामना संपला की पिशवी घेऊन बाहेर पडायचे.

आठवा सामना दुसऱ्या नंबरच्या क्लबशी होता. आपला क्लब एक-शून्यने जिंकला, पण गोल मारला भलत्यानेच.

"आज सुटलात, भाऊजी," शेजारच्या शैलाताई दारातून म्हणाल्या. त्यांच्या हातातलं ताट रिकामंच राहिलं होतं.

हे चपला अडकवून गेले आणि नेहमीपेक्षा मोठा पुडा घेऊन आले.

"अहो, पण त्याने आज गोल कुठे मारला?" मी विचारलं.

"तिघं त्याला चिकटून होते, म्हणून तर दुसऱ्याला जागा मिळाली," शैलाताईंचं ताट भरत हे म्हणाले. "आणि त्या पोराला खांब म्हणायचं बंद करा आता सगळ्यांनी."