अजून एक

दुपारी निनादचा डोळा लागला, की शरयू लेकाच्या दंडावरच्या औषधपट्टीचं बटण हळूच दाबून थांबलेलं औषध पुन्हा चालू करायची. पोटातली कॅन्सरची गाठ निम्मी झाली की पट्टी औषध सोडणं आपोआप थांबवायची, ते तिला बघवत नव्हतं. नको म्हटलं तरी ताटात एक पोळी जास्त वाढणारी बाई ती.

गाठ दिसेनाशी झाली. शरयूने सोसायटीभर पेढे वाटले. पावसाळ्यानंतर गाठ परत आली, आणि आता तिला कुठलंच औषध लागू पडेना.

"पट्टी जास्त कोणी चालवली?" डॉक्टर मोघ्यांनी विचारलं. "औषधाने मरणाऱ्या पेशी आम्ही मुद्दाम थोड्या जिवंत ठेवत होतो. औषधाला दाद न देणाऱ्या पेशींना त्यांनीच दाबून धरलं होतं. मरणाऱ्या सगळ्या मेल्या आणि दाद न देणाऱ्यांना मोकळं रान मिळालं."

शरयूचे ओठ हलले. निनादने तिच्याकडे पाहिलं.

"मीच चालवली," तो म्हणाला.

घरी जेवताना तिने त्याला एकच पोळी वाढली आणि डब्याला झाकण लावलं. निनादने ताट पुढे सरकवलं.

"आई, अजून एक वाढ ना."

तिचा हात झाकणावरून उचलेना.