टोकांपुरतं तेल

"तेलानेच येतात या पुटकुळ्या," ऋजुताच्या कपाळावरचे केस बाजूला करत डॉक्टर म्हणाल्या. "केस फार राठ होत असतील तर टोकांना लावा. मुळांना नको." पुटकुळ्या उष्णतेने येतात म्हणून आईच दर रविवारी ऋजुताच्या टाळूवर तेल थापत होती. पुटकुळ्या वाढल्या की तेल वाढवत होती.

रविवारी सवयीने आईने खोबरेल कोमट केलं. वाटी घेऊन बसल्यावर तिला आठवलं. "आता याचं काय करू?"

"आण इकडे," ऋजुता म्हणाली आणि आईच्याच मागे जाऊन बसली. आईचे केसही तसेच, पिंजारलेले. ऋजुताने ते कपाळावरून मागे घेतले. केसांच्या कडेने बारीक खड्डे होते, जुने.

"हे कशाने गं?"

"तुझी आजी म्हणायची, अंगात उष्णता फार आहे माझ्या. थापायची तेल."

"मग नको म्हणाली नाहीस?"

"मला कुठे माहीत होतं? कळलं ते परवा, तुझ्यामुळे."

ऋजुताने तेलात बोटं बुडवली. आईने डोळे मिटले, मग घाईने म्हणाली, "टोकांनाच हं."