मागच्या खिडकीला टाटा

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात समोरून गाडी आली की ड्रायव्हर स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो. इथला नमस्कार तेवढाच. रिटायर झाल्यावर ऑगस्टिनने मोटरहोम घेतली, आणि महिनाभरात ते बोट त्याला बायकोपेक्षा, म्हणजे माझ्यापेक्षा, लाडकं झालं.

कूबर पीडी गाव सोडल्यापासून मात्र लोक नुसतं बोट उचलण्यावर थांबेनात. आमच्या मागच्या खिडकीकडे बघून हसायचे आणि लहान पोरांना करतात तसा टाटा करायचे.

मागे रिकामा बेड आणि कांद्याची पिशवी, एवढंच.

"टाटा कुणाला करतात रे?"

"कांद्यांना," ऑगस्टिन म्हणाला. पण त्या दिवसापासून तो खड्डे चुकवत हळू चालवायला लागला आणि मी मागचा पडदा उघडा ठेवायला लागले. आमची रेनी चौथ्या वर्षी तापाने गेली, त्याला तीस वर्षं झाली. तिचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही.

आज सकाळी कॅम्पवरून निघालो. पहिल्या गाडीतलं बोट वर झालं, नजर मागे गेलीच नाही. दुसरीचंही तेच.

तिसरी गेल्यावर मी म्हटलं, "गाडी वळव. कॅम्पवर राहिलंय."

काय राहिलं, ते ऑगस्टिनने विचारलं नाही. त्याचा पाय ब्रेकवर कधीच गेला होता.