मल्लाप्पाचा शिट्टीवाला माग

शरयूनं मोबाईल पुढं धरला. "आज्जी, विज्ञानाच्या इतिहासाची साइट आजोबांचं नाव यादीतनं काढून टाकतीय. काय खरं ते तूच सांग तिला."

रखमाक्का मोबाईलजवळ सरकली. सूत तुटलं की शिट्टी मारणारा माग तिच्या मल्लाप्पानंच केला होता, तिच्या डोळ्यांदेखत. तिनं खिळ्यामोळ्यासकट सगळं सांगितलं.

साइट गोड आवाजात म्हणाली, "साक्षीदार एकच, म्हणून नोंद रद्द. मल्लाप्पा मागावर बसून पंचगंगेच्या पुरावरून उडाले, ही नोंद मात्र कायम. साक्षीदार नऊशे."

"अगं बये, ती माझी थाप! शाळेतल्या पोरांना हसवायला दरसाल ठोकायची मी!"

"ती थाप होती," साइट म्हणाली, "याचाही साक्षीदार एकच."