हळदीखालचा रंग

"रंग चांगले करू नको बाबा, खरे कर," असं म्हणून साखराबाईंनी पिशवीतली कॅसेट काढून टेबलावर ठेवली.

आता केजात सोमनाथच्या स्टुडिओचं नाव होतं ते चांगल्या रंगांसाठीच. नवरी कितीही सावळी असो, त्याच्या अल्बमात ती दुधात न्हालेली निघायची. दोन वर्षांपासून तो जुन्या लग्नाच्या कॅसेटाही सुधारून मोबाईलवर घालून द्यायचा, आणि तिथंही लोकांचं एकच म्हणणं असायचं, जरा उजळ करा. खरे रंग मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक.

"कावून ओ मावशी? काय बघायचंय असं?"

"रोहिणीच्या हळदीची कॅसेट हाय. माझी पोरगी. लग्न झालं आन् महिन्याभरात काविळीनं गेली. अठ्ठावीस वर्षं झाली. सासरचे दुखवट्यात म्हणले, कावीळ झालेली पोरगी हळद फासून आमच्या गळ्यात बांधली. हळद मीच लावलती. हळदीखाली मला कावीळ दिसली न्हाई का काय, तेवढंच बघायचंय."

मागच्या बाकावर त्यांचे मालक, सुंदरराव, टोपी मांडीवर घेऊन बसले होते. "एकदा बघितलंय की टीव्हीवर. डोळे बी पिवळेच दिसलेत. किती डाव तेच उकरून काढायचं? चल घरी."

साखराबाई जागच्या हलल्या नाहीत.

सोमनाथनं कॅसेट लावली. सगळंच पिवळं. ओसरी पिवळी, बाया पिवळ्या, पाटावर बसलेली पोरगी तर विचारूच नका. त्या काळचे व्हिडिओवाले हॅलोजनचा दणदणीत दिवा लावायचे, त्याच्या उजेडात काळी म्हैससुद्धा पिवळट दिसायची. सोमनाथनं दोघांना समजावून सांगितलं, की कॉम्प्युटरला चित्रातली एक पांढरी वस्तू दाखवायची. ही पांढरी आहे म्हटलं, की तिच्यावरून तो बाकीचे रंग जागेवर आणतो.

पोरीच्या शेजारी सुंदरराव उभे होते, अठ्ठावीस वर्षांनी तरुण, धोतर नेसून. सोमनाथनं धोतरावर माउसचा बाण ठेवला. चित्र थोडं हललं, थोडं निवळलं. पोरीनं वर बघितलं तिथं त्यानं ते थांबवलं.

डोळे पिवळेच होते.

साखराबाईंनी नुसती मान हलवली. त्यांना हे आधीच ठाऊक होतं, आज फक्त मशीननं सांगितलं.

सोमनाथला वाटलं, आपणच हे बदलून टाकावं. खरं तर दोन मिनिटांचं काम होतं. डोळे तेवढे धरायचे आणि पिवळा उतरवायचा, रोज करायचा तो. म्हातारीला काय कळणार होतं? उरलेले दिवस तरी सुखानं गेले असते. त्याचा हात माउसवर गेलाही. पण आल्या आल्या ती काय म्हणाली होती ते आठवलं, आणि हात तिथंच राहिला.

तेवढ्यात सुंदरराव उठून पडद्याजवळ आले.

"तू पांढरं म्हणून काय धरलंस? माझं धोतर?"

"हो मामा."

"आरं, ते पांढरं कुठं होतं? हिनं मूठभर नीळ घातलती त्याला. पोरीच्या लग्नात उठून दिसावं म्हणून. पाव्हणे इचारत होते, आभाळ नेसून आलाव का. आजवर सांगतोय हिला."

"आता हितं बी तेच का?" साखराबाई फणकारल्या.

सोमनाथ मात्र ताठ बसला. निळसर धोतर त्यानं पांढरं धरलं होतं. म्हणजे ते पांढरं दिसावं म्हणून कॉम्प्युटरनं चित्रात पिवळा ठेवूनच दिला होता, जायला हवा होता तेवढा गेलाच नव्हता.

"मावशी, नीट आठवून सांगा. ज्याला नीळ न्हाई, हळद न्हाई, असं पांढरं काय होतं तिथं?"

दोघं नवराबायको पडद्यावर वाकले. आणि दोघांची बोटं एकाच जागी टेकली. पोरीच्या पाठीमागं ओसरीच्या कोपऱ्यात ढीग होता, विकायचा राहिलेला कापूस.

"पहिल्या वेचणीचा," साखराबाई म्हणाल्या. "मी आन् रोहिणीनं वेचलेला. काडीकचरा न्हवता त्यात."

सोमनाथनं कापूस दाखवला.

आधी धोतर बदललं. चांगलं निळं झालं, लाज वाटावी इतकं निळं. "बघ," सुंदरराव म्हणाले. मग तोरणाची पानं हिरवी झाली, बायांच्या लुगड्यांचे काठ लाल झाले, भिंत मातीच्या रंगावर आली. मधोमध पोरगी हळदीनं माखलेली होती ती तशीच पिवळीधमक राहिली. आणि त्या हळदीतून तिनं वर बघितलं, तर डोळे पांढरे. स्वच्छ. कोपऱ्यापर्यंत.

सोमनाथनं पुन्हा एकदा मागं घेऊन बघितलं, मोठं करून बघितलं. डोळ्यांना त्यानं हातसुद्धा लावलेला नव्हता.

"बरी होती की गं पोर," सुंदरराव म्हणाले आणि तिथंच खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले.

साखराबाई रडल्या, पण मोकळ्या होऊन रडल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "लाव पुढं."

पडद्यावर एक बांगड्या भरलेला हात आला आणि पोरीच्या गालाला हळद चोळू लागला. पोरगी हसत होती. रंग खरे झाल्यावर ती हळद फारच भडक दिसत होती. सोमनाथला राहवेना.

"मावशी, तोंडावरची हळद जरा कमी करू का?"

"नको," साखराबाई म्हणाल्या. "राहू दे. मीच लावलीय ती."